परातीखालचा पंचा

“तुम्हाला ओळखणारी दोन माणसं हवीत,” वकीलबाई फोनवर म्हणाल्या. “त्याच गावातली. तुम्ही तिथं राहता असं कचेरीत येऊन सांगणारी.”

मी खिडकीशी उभी होते. खाली दगडी गल्ली, उताराला लागलेली. गल्लीत पाच घरं. तीन घरांतली माणसं पोटापाण्यासाठी कधीच फ्रान्सला गेलेली, त्यांच्या कड्यांना गंज चढलेला. चौथं माझं, भाड्याचं. पाचव्याची भिंत माझ्या भिंतीला लागून, आणि त्या घरातल्या म्हातारीनं मला कधी दार उघडलं नव्हतं.

“नाही मिळाली माणसं तर?”

“तर पत्त्याचा पुरावा नाही. तुमचा भाडेकरार संपलाय, घरमालक परदेशात, फोन उचलत नाही. गावच्या कचेरीचा दाखला एवढीच वाट उरलीय. तो नसला तर राहण्याचा परवाना मिळायचा नाही. परत जावं लागेल.” मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “दोनच तर माणसं, हेमांगी. इतके महिने राहताय तुम्ही तिथं.”

फोन ठेवला आणि मी मनातल्या मनात गाव फिरून आले. पाणवठ्यापासून चर्चपर्यंत. मला नावानं ओळखणारं कोण, ते शोधत. चर्चपर्यंत जायची वाट फार लांब वाटली.

पोर्तुगालशी माझी गाठ घालून दिली होती पुण्याच्या अग्निहोत्रीबाईंनी. घरबसल्या काम करणाऱ्यांना कुठला देश किती दिवस ठेवून घेतो, हे त्यांना तोंडपाठ. पडद्यावर एकेक देश त्या असा काढायच्या, की लग्नाच्या वयात आमच्याकडे स्थळं घेऊन येणाऱ्या एका मामींची आठवण व्हायची. हे स्थळ देखणं, समुद्रकाठचं, पण वर्षभरच ठेवतं, मग उचला आपलं बोचकं. ते दुसरं श्रीमंत, पण मागण्या फार. तिसरं कर मागत नाही, पण घरावर नाव कधी लावू देत नाही. आणि हे पोर्तुगाल. जरा वयस्क, हळू चालणारं, कागदावर कागद मागणारं. पण पगार बाहेरच्या देशातून येतो एवढं दाखवलं की दार उघडतं, आणि पाच वर्षं नीट नांदलात तर कायमचं घर देतं.

“नांदायचं म्हणजे नेमकं काय करायचं?” मी हसत विचारलं होतं.

“राहायचं हो. नुसतं राहायचं.”

माझं पहिलं नांदणं मोडून झालं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी आई गेली. मंगळवेढ्याचं घर भावानं पाडून तिथं दुकानांचे गाळे काढले; सोलापुरातला भाड्याचा फ्लॅट मी सोडला, तेव्हा किल्ली परत देताना हात हलका झाला आणि बाकी सगळं जड. नोकरी तेवढी लॅपटॉपमध्ये होती. विमा कंपनीचे दावे तपासायचे. सोबतची माणसं म्हणजे पडद्यावरचे गोल, प्रत्येकात एक अक्षर. काम कुठूनही होतं, त्यामुळे मी कुठं आहे असं कुणी विचारत नव्हतं. ‘परत जावं लागेल’ असं वकीलबाई म्हणाल्या खऱ्या. परत म्हणजे कुठं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

पहिला साक्षीदार सोपा निघाला. चौकात आर्मिंदुचं दुकान होतं; अर्ध्यात किराणा, अर्ध्यात कॉफी. मी त्याच्याकडून मक्याचं पीठ न्यायची. पहिल्यांदा नेलं तेव्हा तो म्हणाला होता, एवढं पीठ एकट्या बाईला कशाला, कोंबड्या पाळल्यास का. तेव्हापासून माझं नाव ‘कोंबडीवाली’. माझं खरं नाव त्याला त्या दिवशी कचेरीच्या कामासाठी पहिल्यांदा विचारावं लागलं.

“येतो की,” तो म्हणाला. “दुसरं कोण?”

मी खांदे उडवले. तो गल्लीतली घरं मोजू लागला आणि कुलपांपाशी थांबला. कचेरीतली सिल्विना कडक, तो सांगत होता. मागं कुणी खोटे दाखले काढले, तेव्हापासून ती त्याच गल्लीतला एक तरी माणूस मागते. म्हणजे इदालिना. दोना, म्हणजे बाई, इदालिनाच; माझ्या भिंतीपलीकडची म्हातारी.

“त्या दार उघडत नाहीत,” मी माझ्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाले. “कधीच नाही.”

आर्मिंदु हसला. “उघडेल कशी?” असं म्हणत त्यानं आपल्या कानावर दोन बोटं ठेवली आणि मान हलवली. मग कुणी कॉफी मागितली आणि तो वळला.

कानाची खूण मी लगेच समजले. निदान मला तसं वाटलं. म्हातारीच्या कानांना माझा त्रास झाला होता आणि ते गावभर झालं होतं.

त्या त्रासाची गोष्ट अशी. मी आले तेव्हा पेटीत कपडे थोडे आणि आईची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात. आईनं भाकरी नेहमी परातीत थापली. तिच्या आईकडे जातं होतं; आईच्या वेळेला पीठ गिरणीतून यायला लागलं. जातं गेलं, पण ओव्या कुठं जाणार? त्या परातीत येऊन राहिल्या. भाकरी हातावरून परातीत पडली की आईचं तोंड आपोआप सुरू व्हायचं. “हाताला ताल आला की तोंडाला शब्द फुटतोच बघ,” म्हणायची. मला तिच्या ओव्या पुऱ्या कधी पाठ झाल्या नाहीत. पण ताल हातात होता.

मक्याच्या पिठाला विरी नसते. कितीही मळा, थापायला घेतली की कडेनं फाटते. उकळतं पाणी घालून, ओल्या हातानं, जरा जास्तच थापावी लागते. रोज काम संपलं, दिवस डोंगराआड गेला, की मी ओट्यावर परात ठेवायची. ओटा म्हणजे दगडाची लांब फळी, भिंतीतच बसवलेली. ही दोन घरं पूर्वी एकच होती. वाटण्या झाल्या तेव्हा मधे विटांची पातळ भिंत घातली. थाप, थाप, थाप. त्या घरात दिवसभरात माझा म्हणून निघणारा आवाज तेवढाच. कीबोर्डचा आवाज काही माझा नव्हे.

एक दिवस भाकरी तव्यावर टाकली आणि भिंतीतून आवाज आला. टक, टक, टक.

माझा हात तिथंच थांबला. सोलापूरच्या फ्लॅटमध्ये मी मिक्सर लावला की वरच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्यानं जमीन ठोकायच्या. भिंतीतून आलेली टकटक म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. भाकरी झाली की टक, टक, टक. मी जाऊन माफी मागावी म्हणून तिचं दार वाजवलं. घंटीही दाबली. आत दिवा होता, पडद्याआड सावली हलत होती, पण दार काही उघडलं नाही. म्हणजे राग मोठा होता. मी घरी येऊन जाडसर पंचा काढला, चौपदरी घडी केली आणि परातीखाली ठेवला. आवाज गेला. भाकरी पंच्यावर नुसती धपधपायची, गादीवर मूठ मारावी तशी. ताल मोडला आणि त्याबरोबर तोंडातले शब्दही.

पण टकटक थांबली नाही. मी हळू थापलं तरी, त्याच वेळेला, भिंतीतून यायची. कधी तीनदा, कधी पाच-सहादा. एकदा बराच वेळ. एवढा राग एखाद्याच्या आवाजावर कुणी धरतं का? शेवटी मी भाकरीच सोडली. आर्मिंदुकडचा पाव आणायला लागले. तो म्हणाला, काय, कोंबड्या मेल्या का. ऑलिव्ह झोडपायचे दिवस होते. त्यानंतर काही दिवसांनी भिंत गप्प झाली, आणि मी स्वतःला सांगितलं, सुटले बाई.

सुटले काही नव्हते. पाव कापताना घरात इतकं शांत असायचं, की सुरी पाटावर टेकल्याचाही दचका बसे. आईच्या तोंडातून कधी न आलेली एक ओवी तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप जुळली होती:

भाकरीचा गं आवाज, गेला भिंतीच्या पल्याड
कोण ऐकते शेजीबाई, जिचं बंद गं कवाड

ती मी म्हटली मात्र नाही. म्हणायला हातात काही हवं.

दोना इदालिनाला कचेरीत आणायचं काम आर्मिंदुनं अंगावर घेतलं. चर्चहून परतताना ती त्याच्याकडे कॉफी प्यायला बसते, तिथून घेऊन येतो म्हणाला. मी आधीच जाऊन बाकावर बसले होते. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच कचेरी: एक खोली, भिंतीवर जुन्या सरपंचांचे फोटो, लाकडी फळीपलीकडे सिल्विना. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

ती दोघं आली. इदालिना लहानखुरी, काळ्या कपड्यांत, डोक्याला काळा रुमाल. मी उठून उभी राहिले, मान झुकवली. तिनं माझ्याकडे, रस्त्यात समोर आलेल्या कुणाकडेही बघावं तसं बघितलं. राग दिसेना. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आर्मिंदुचं पटकन झालं. होय, ही राहते. पीठ नेते, हल्ली पाव नेते. सही कुठं करू. मग सिल्विना इदालिनाकडे वळली, फळीवरून पार पुढं वाकली, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. शब्द एकेक करून, ओठ मोठे करून.

“दोना इदालिना! ही बाई! तुमच्या शेजारी राहते का?”

तेव्हा मला कळलं. आर्मिंदुची कानावरची दोन बोटं, न उघडणारं दार, वाजून वाजून दमलेली घंटी. मी त्याच्याकडे बघितलं. तो गोंधळला; गावात हे कुणाला ठाऊक नाही असं त्याला सुचलंच नसावं.

इदालिनाला प्रश्न पोचला. ती विचार करून, मोठ्या, सपाट आवाजात बोलली. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

“राहायची. आता नाही राहत.”

“ही इथं उभी आहे की!”

“ही असेल कुणी. मला माहीत नाही. भिंतीपलीकडं होती ती गेली.”

सिल्विनानं चष्मा काढला. मी म्हणाले, मी गेले नाही, मी इथंच आहे, रोज आहे. माझे शब्द त्या खोलीत कुणाकुणाला समजले असतील, पण ज्या कानांना समजायला हवे होते तिथं ते पोचायचे नव्हते. आर्मिंदु इदालिनाला काहीतरी ओरडून सांगू लागला. तिनं त्याचा हात बाजूला केला.

“मी खोटी सही करायची नाही. ती रोज भिंत वाजवायची. संध्याकाळी. माझा पलंग तिथं आहे, डोकं टेकलं की हाडात यायचं. मला काही ऐकू येत नाही, पण ते यायचं. मी पण वाजवायचे. म्हणजे तीही बरी, मीही बरी. ऑलिव्हच्या दिवसांत बंद पडली. मी वाजवून बघितलं. पुष्कळ दिवस बघितलं. कुणी नाही. राहते असं मी कशाच्या जोरावर म्हणू?”

बाहेर चौकात कुणीतरी गाडी मागं घेत होतं.

सिल्विना माझ्याकडे वळली, हळूच म्हणाली, मी काय करू, साक्ष तीच नाही म्हणतेय. तिनं समोरचा कागद उचललाही नाही, ढकललाही नाही. फक्त त्यावर हात ठेवला.

माझ्याकडे पोर्तुगीजमध्ये परातीला शब्द नव्हता. भाकरीला नव्हता. पंच्याला तर नव्हताच. असते तरी ते बहिऱ्या कानांत कसे घालणार होते? मी फळीपाशी गेले. पिशवी खाली ठेवली. दोन्ही तळवे फळीवर घेतले आणि थापायला लागले. थाप, थाप, थाप. आधी बोटं जुळेनात. इतक्या दिवसांत हात विसरले होते. मग मक्याच्या भाकरीची कड फाटते तिथं द्यावी लागणारी ती जोडथाप आली, मग फिरवणं, मग पुन्हा. कागद उडत होते. सिल्विनाची पेनांची बरणी खुळखुळत होती. मी वर बघितलं नाही.

काळ्या बाहीतला हात माझ्या हाताशेजारी फळीवर येऊन टेकला. आधी तळवा. मग तिनं वाकून आपला गालच फळीवर ठेवला, डोळे मिटून. आर्मिंदु एकदम टोपी काढून उभा राहिला, का ते त्यालाच ठाऊक.

मी थापत राहिले. एक भाकरी पुरी होईपर्यंत. थांबले, तेव्हा तिनं गाल तसाच ठेवून, बोटांची पेरं वळवली आणि फळीवर वाजवलं. टक, टक, टक.

मग सरळ झाली आणि मला आपादमस्तक पहिल्यांदा बघितलं. “एवढीशीच आहेस होय? मला वाटलं दांडगी असशील.” आणि लगेच, “मग गप्प का बसलीस?”

मी सिल्विनाला सांगितलं, जमेल तसं. मला वाटलं, आवाजाचा यांना त्रास होतो. वाटलं, रागावून वाजवतात. सिल्विनानं ते ओरडून कानात घातलं. इदालिना ऐकत होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत होतं.

“रागावले असते तर झाडूनं वाजवलं असतं,” ती म्हणाली.

सिल्विना हसली, आर्मिंदु हसला, मीही हसले. झाडूचा दांडा सोलापूरपासून इथवर एकच होता, मलाच बोटांची पेरं ओळखता आली नव्हती.

तिनं सही केली. अक्षरं मोठी, एकेक विचारून काढल्यासारखी. सिल्विनानं शिक्का मारला. परतताना मी तिच्या बाजूनं चालत होते. उतार होता, तिनं माझा दंड धरला होता. चर्चच्या पायरीशी ती थांबली आणि आतल्या अंधाराकडे बोट दाखवलं. सावकाश बोलली, म्हणून मला कळलं.

“तिथं मेणबत्ती लावली होती मी. तुझ्यासाठी. पलीकडची गेली म्हणून. तुझं नाव माहीत नव्हतं, तर देवाला म्हटलं, भिंतवाली.” मग हात झटकून म्हणाली, “मेणबत्ती फुकट गेली.”

त्या गावात मला कुणी ओळखत नाही असं मी समजत होते. आणि मी जिवंत असताना तिथल्या एका बाईनं माझं सुतक पाळलं होतं. घरी गेल्यावर मी पंचा काढून खुंटीवर टाकला.

याला आता बरीच वर्षं झाली. परवाना मिळाला, पुढं वाढला, आता कायमचा आहे; अग्निहोत्रीबाईंनी सांगितलं तसं स्थळ शब्दाला जागलं. इदालिनाकडे मी अधूनमधून बसायला जायची, पण समोरासमोर आमचं फारसं काही जमायचं नाही. तिला ऐकू येत नसे, मला नीट बोलता येत नसे. दोघी कॉफीकडे बघत बसायचो. खरी भेट संध्याकाळीच व्हायची. मी थापायची, ती वाजवायची. तीही बरी, मीही बरी.

एका हिवाळ्यात मी भाकरी तव्यावर टाकली आणि वाट बघितली. भाकरी उलटली. पुन्हा ओट्यावर नुसतंच थापलं, पीठ नसताना. भाकरी करपली, त्या वासानं भानावर आले आणि तशीच आर्मिंदुकडे पळाले. म्हणाले, चल, दार तोड.

दोन दिवसांनी सिल्विनाच्या समोर, त्याच फळीपाशी, मी उभी होते. मृत्यूची नोंद करायची होती. कुणाला आधी समजलं, केव्हा, कसं, हे ती विचारत होती आणि लिहून घेत होती. माझी पोर्तुगीज एव्हाना बरी झाली होती, तरी मला एकच गोष्ट सांगता आली: “त्यांनी उत्तर दिलं नाही.” सिल्विनानं पेन थांबवलं, मान हलवली आणि तेच लिहिलं. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तिचं नाव मला माहीत होतं.

पलीकडचं घर आता बंद आहे. कडीला गंज चढतो आहे, पाचांतलं चौथं कुलूप. मी अजून मक्याचीच भाकरी करते, कड अजून फाटते. जरा जास्तच थापावी लागते. परातीखाली मी काही ठेवत नाही.